जागेश्वरला जबलपूरला कोणी पाठवलं

माझी आई रुख्मा रागीट होती, असं माझ्या माहेरी मुर्रीत आजही सांगतात. सांगोत बापडे. होतीच ती रागीट. पण तिला राग कशाचा येतो, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. भात करपला म्हणून ती कधी चिडली नाही, मडकं फुटलं म्हणून चिडली नाही. घरातल्या कामाचं माणसाला काहीच कळत नसताना तो त्या कामाचा निवाडा करायला बसला, की तिच्या कपाळाची शीर उठायची. आणि असे निवाडे करणारे आमच्याकडे पैशाला पासरी होते.

तिची अडचण एवढीच, की ज्यांच्यावर राग यायचा त्यांच्यासमोर तिला बोलायची सोय नव्हती. सासरा, मोठे दीर, गावातली वडीलधारी, सगळ्यांपुढे डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. मग ती गोठ्यात जायची. आमची एक काळी म्हैस होती. तिला जन्मभरात जेवढ्या शिव्या बसल्या, त्यातली एकही तिच्यासाठी नव्हती. "खाऊन खाऊन मस्तावली, काम कराले नोको," असं माय म्हशीला सुनावायची आणि ओसरीवर चिलीम ओढणारा माझा काका हळूच उठून बांधावर जायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे लेकीच्या जागी म्हैस होती. मला लग्न करून कामठ्याला दिल्यावर तर म्हशीला आणखीच ऐकावं लागलं असेल.

कामठ्याला मला १९५० साली दिलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, पण मी आता घेते. दुलीचंद. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेले आणि गोंदियात एका वकिलाकडे मुन्शी म्हणून लागलेले. घरी धानाची शेती होती, पण अंगाला चिखल लागू दिला नाही. तेव्हा मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच जात होती आणि गावोगावी खटले उगवत होते. तळं कोणाचं, बांध कोणाचा, झाडं कोणाची. त्यामुळे मुन्शी असला तरी कचेरीच्या पायरीवर उभा राहणारा माणूस म्हणजे लोकांना मोठा वाटायचा. त्यांनाही ते स्वतः मोठेच वाटायचे.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. आमच्याकडे घरात काही मोठं करायचं म्हटलं, की आधी जावयाला विचारतात. बैल विकायचा, विहीर खोदायची, पोरीला स्थळ बघायचं, जावयाला बोलवा. पाटावर बसवा, पाय धुवा, जेवू घाला आणि मग विचारा. नाही विचारलं, तर तो रुसतो. रुसला, तर त्याचा राग निघतो तो त्याच्या घरात नांदणाऱ्या पोरीवर. म्हणजे मान जावयाचा आणि तारण लेकीचं. माझे बाबा, यादोराव, गरीब स्वभावाचे होते असं लोक म्हणतात. मी म्हणते भित्रे होते. जावयाच्या नुसत्या चपलांचा आवाज आला तरी ते खाटेवरून उठून उभे राहायचे.

माझ्या पाठचा भाऊ जागेश्वर. मुर्रीहून रोज पायी गोंदियाच्या हायस्कुलात जायचा. मला चौथीनंतर घरी बसवलं होतं, पण त्याची पुस्तकं मी वाचायची. गणित तो मला शिकवायचा आणि चुकलं की डोक्यात टपली मारायचा. येता-जाता वाटेत ढोरांचा सरकारी दवाखाना लागे. तिथं तो तासन्‌तास उभा राही. एका उन्हाळ्यात आमच्या गावात ढोरांना रोग आला. गोठेच्या गोठे रिकामे झाले. आमचीही एक गाय गेली, जिचं वासरू अजून पीत होतं. दवाखान्यातला डॉक्टर उशिरा आला, पण आल्यावर त्यानं टोचलेली जनावरं वाचली. त्या दिवसापासून पोरानं डोक्यात एकच घेतलेलं, ढोरांचा डॉक्टर व्हायचं. त्या डॉक्टरनंच त्याला सांगितलं, की आधी सायन्स घेऊन इंटर हो, मग जबलपूरला ढोरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे. जबलपूरकडची कॉलेजं सागर विद्यापीठाची. गोंदियाहून छोट्या लाईनीची गाडी थेट जबलपूरला जाते. जागेश्वरनं हे सगळं मला सांगितलं होतं आणि मायला सांगितलं होतं. बाबांना सांगायची त्याची छाती नव्हती.

१९५२ च्या जून महिन्यात तो मॅट्रिक पास झाला. सायन्सला आणि गणिताला चांगले गुण. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं, की पोरगा हुशार आहे, त्याला सायन्सला घाला. बाबांनी मान हलवली, घरी आले आणि कामठ्याला निरोप धाडला की जवाईबापूंना विचारायचं आहे, या.

ज्या माणसाला मॅट्रिकची परीक्षा झेपली नाही, त्याला विचारायचं की पोरानं कोणत्या विद्यापीठात जावं. 

मी तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पण रीतच. पेरण्या झाल्या की मला आणायचं ठरलं होतं. बैलगाडीत बसून आम्ही दोघं मुर्रीला निघालो, तेव्हा वाटेत मी भीतभीत सांगून पाहिलं, की जागेश्वरला ढोरांचा डॉक्टर व्हायचं आहे. हे मोठ्यानं हसले. म्हणाले, शेणात हात घालायलाच शिकायचं असेल, तर घरचा गोठा काय वाईट आहे. मग सगळा बेत सांगितला. पोरानं नागपूरला जायचं, आर्ट्स घ्यायचं, बी. ए. करायचं, मग एल. एल. बी. करून गोंदियात बसायचं. काळा कोट घरात आला की झालं. परक्या वकिलाच्या पायाशी किती दिवस बसायचं, घरचाच वकील असला म्हणजे मुन्शीच मालक. त्यांनी मला हे असं उघड सांगितलं, कारण बायको ऐकते आणि विसरते असा त्यांचा समज होता.

मुर्रीला पाय धुतले गेले. आंब्याचा रस, कुरड्या, सगळं झालं. गावातले सेवकराम पाटील आणि आणखी दोघं-तिघं ओसरीवर येऊन बसले, कारण जावयाचा शब्द चार माणसांत पडला म्हणजे पक्का होतो. जागेश्वर खांबाला टेकून उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही.

बाबांनी विचारलं आणि यांनी निकाल सांगितला. नागपूर, आर्ट्स, वकिली. आपलं घोडं असं पुढं दामटलं, की मध्ये कोणाला शिरायला जागाच ठेवली नाही. सेवकराम पाटलांनी हलकेच म्हटलं, की मास्तर तर सायन्स म्हणत होते. यांनी त्यांना झटकलं. सायन्स आपल्या लोकांचं काम नाही, म्हणाले, आणि ढोरांचा डॉक्टर म्हणजे लोक पोरगी तरी देतील का? ओसरी हसली. बाबाही हसले. जागेश्वर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला आतून दिसत होतं.

माय तोपर्यंत गोठ्यात गेली होती. ओसरीच्या कुडापलीकडेच गोठा. तिथून आवाज आला, "सोता नापास झाली अन् दुसऱ्याले शाळा शिकवून राहिली. गप उभी राय."

 सगळ्यांना कळलं. यांनाही कळलं, चेहरा लाल झाला, पण म्हशीला बोललेलं अंगाला लावून घ्यायचं म्हणजे कबूल करायचं. यांनी पान तोंडात टाकलं आणि बाबांना म्हणाले, "तर मग उद्याच नागपूरचं ठरवून टाका. मी बोललो म्हनजे बोललो." बाबांनी मान हलवली.

माय गोठ्यातून स्वयंपाकघरात आली. हात शेणाचे, ते तिनं धुतले, पुसले आणि ओसरीच्या दाराकडे निघाली. ती काय करणार हे मला तिच्या चालण्यावरून कळलं. आमच्याकडे सासू जावयाशी तोंडानं बोलत नाही. काही हवं-नको ते पोराकरवी विचारते, नाहीतर भिंतीला सांगते. सासू समोर येऊन बोलली, म्हणजे जावयाचा मान चार माणसांत मातीत गेला.

मी तिचा हात धरला. मी म्हटलं, "माय, नोको बोलू. माले त्याइच्याच घरी जाऊन राहाचं हाये."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. मग तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"जवाईबापू," ती म्हणाली, "आमी तुमचे पाय धुतले, त्याचं काई नाई. पन ते पाय माह्या पोराच्या डोक्यावर ठेवू नोका. शिकाचं त्याले हाये. त्यालेच इचारा."

 मग तीच जागेश्वरकडे वळली आणि म्हणाली, सांग, कुठं जायचं तुला. आणि तो, सतरा वर्षांचा घोडा, एकदाचं म्हणाला, जबलपूर.

हे पाटावरून उठले. तोंडातलं पान अंगणात थुंकलं. बैल जुंपायला सांगितलं आणि मला हाक मारली. मी लुगड्यांचं बोचकं उचललं. बाबा यांच्या मागं मागं हात जोडत गाडीपर्यंत आले. म्हणत होते, बाई माणूस आहे, तिच्या बोलण्याला काय धरता. माय दारातच उभी होती. ती माझ्याजवळ आली नाही. मला तेव्हा वाटलं, पोराचं काम झालं, आता लेक गेली काय आणि राहिली काय.

त्यानंतर सहा वर्षं मी मुर्रीचं तोंड पाहिलं नाही.

जागेश्वर आठवड्याभरात गाडीत बसला. बाबा म्हणाले असतील, मान तर गेलाच, आता पोरगा तरी जाऊ दे. मला न्यायला पेरण्यांनंतर काका आला. यांनी त्याला उंबरठ्याबाहेरून परत लावून दिलं. पोळ्याला आला, परत. दिवाळीला आला, परत. डिसेंबरात माझं बाळंतपण कामठ्यात, सासूच्या हाताखाली झालं. सासू वाईट नव्हती, पण पहिल्या बाळंतपणात मायला हाक मारायची असते. ती हाक मी दातांखाली दाबली, कारण यांनी बजावलं होतं, की त्या बाईचं नाव या घरात नको. मायनं डिंकाचे लाडू आणि बाळाला झबली पाठवली. ती गाडी अंगणातूनच वळवली. पोरगी झाली होती मला. तिच्या आजीनं तिला बघितलं ते ती पाच वर्षांची झाल्यावर.

मी मायवर चिडले होते. खोटं कशाला बोलू. नवऱ्यावर तर होतेच, पण त्याच्याकडून अपेक्षा काय होती? बाबांवर चिडून उपयोग नव्हता, चिखलावर काठी मारण्यातला प्रकार. राग सगळा मायवर होता, कारण तिला माहीत होतं. मी हात धरून सांगितलं होतं आणि तिनं बोटं सोडवली होती. रात्रंदिवस तेच डोक्यात. कांडताना, दळताना, धानाच्या रोवणीत चिखलात उभी असताना. भावाला दोन विद्यापीठांतून निवड करायला मिळाली आणि त्याची किंमत माझ्या माहेरानं फेडली. आणि तो भाऊ? पहिल्या वर्षी त्याची दोन कार्डं आली. मग तेही बंद. त्याच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून कोणी त्याला काही कळवत नव्हतं म्हणे. पण ज्याला कळून घ्यायचं असतं त्याला कळतं.

मधल्या काळात मुर्री आणि कामठा दोन्ही मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेले. गावं राज्य बदलून आली. मी मात्र कामठ्याहून मुर्रीला, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जाऊ शकले नाही.

मायला मी एकदा दुरून पाहिलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं सोंग-नाटक होतं, पाहुणेरावळे भेटतात. कामठ्याच्या मंडईत बांगड्यांच्या दुकानापाशी ती उभी होती. ती माझ्याचसाठी आली होती, हे मला कळलं. माझ्यासोबत सासू होती. मायनं एक पाऊलही पुढं टाकलं नाही. नुसती बघत राहिली, मी दिसेनाशी होईपर्यंत. मी मान वळवली. मला वाटलं, बघ, आता पोटभर बघ.

१९५८ साली जागेश्वर डॉक्टर होऊन आला. भंडारा जिल्ह्यातच सरकारी नेमणूक मिळाली. पँट, सायकल, मागं औषधांची पेटी घेतलेला शिपाई. गोंदियाच्या कचेरीत बातमी पोचली, तसं यांच्या वागण्याला पालवी फुटली. डॉक्टरसाहेब आपले साळे आहेत, असं हे वकिलाला सांगू लागले. तहसीलदारालाही सांगितलं. आणि एका सकाळी मला म्हणाले, तयारी कर, मुर्रीला जायचं आहे, डॉक्टरसाहेब सुट्टीवर आलेत. जणू मीच सहा वर्षं जायला नाही म्हणत होते.

मुर्रीत पुन्हा पाट, पुन्हा पाय धुणं. बाबा पहिल्यापेक्षा जास्त वाकलेले. माझ्या पोरीला मायनं उचलून घेतलं आणि खाली ठेवायलाच तयार होईना. माझ्याशी ती बोलली नाही, मीही बोलले नाही. पुरुषांची पंगत बसली. हे, जागेश्वर, बाबा, सेवकराम पाटील.

मी भात वाढत होते, तेव्हा हे पाटलांना सांगत होते, "जबलपूरचं मीच तर सुचवलं. सब लोग बोले नागपूर, मी म्हटलं नाई, सायन्स का जमाना हाये."

मी थांबले. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. पाटलांनी भुरका मारला. बाबा म्हणाले, "होय तं. जवाईबापूचाच शब्द." जागेश्वरनं मान खाली घातली आणि वरणात भात कालवत राहिला.

मी आत गेले. मायनं सगळं ऐकलं होतं. गोठा दोन पावलांवर होता, दार उघडं होतं. मी वाट पाहत होते, की ती आता उठेल. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत बसून राहिली. माझा इतक्या वर्षांचा संताप उसळून आला. मी म्हटलं, त्या दिवशी मी हात धरला, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, तेव्हा बोललीस. आज काऊन गप?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा बोलली, तं तुले गमावून बसली. म्याच हिशेब केला होता. तू दिलेलीच होती, त्याले तरी सोडवू म्हटलं. आता तू आली हायेस. त्याले काय म्हनाचं ते म्हनू दे."

दिलेलीच होती. एखाद्या भांड्याबद्दल बोलावं तसं ती बोलली, पण लाकूड तिनं ओढता ओढता चुलीबाहेरच काढलं होतं. मला तिचा गळा धरावासा वाटला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. भाताचं पातेलं घेऊन बाहेर गेले.

पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "जागेश्वरले मायनं पाठोलं. तुमी नाई. अना तू," जागेश्वरला म्हटलं, "तोंडात घास हाये म्हून बोलता येत नाई का?"

हे मोठ्यानं हसले, कारण डॉक्टरसाहेबांच्या शेजारून उठून जाणं आता परवडणारं नव्हतं. बायकांना काय समजतं, म्हणाले. बाबा हसले. पाटील हसले. जागेश्वर हसला नाही, पण बोललाही नाही. ज्याच्यासाठी दोन बायकांनी आपला जीव काढून दिला, त्या साहेबानं सागर विद्यापीठातून पदवी आणली, पण एक वाक्य त्याला आणता आलं नाही. त्यानं भातासाठी ताट थोडं पुढं सरकवलं. मी त्याला वाढलं नाही, पुढं गेले.

आत माय घाबरून उभी होती. तिला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, "कायले बोलली? आता पुना नाई पाठोवाचा तो तुले."

"नाई पाठोलं तं नाई," मी म्हटलं. "मी येईन. माह्या मनानं येईन. कामठ्याचा रस्ता माले मालूम हाये, अना पोरीले बी दाखवून ठेवतो."

 तिनं एक ताट घेतलं, त्यात दोघींचा भात वाढला आणि माझ्यासमोर बसली.